टीपीएमटी नॉर्मल आलं म्हणून गोळी निर्दोष सुटत नाही

प्रश्न : माझं वय ३१, वजन ५० किलो. आयजीए नेफ्रोपथीने दोन्ही किडन्या गेल्या, तीन वर्षांपूर्वी आईची किडनी बसवली. क्रिएटिनिन १.१ वर टिकून आहे. आम्हाला मूल हवं आहे, म्हणून डॉक्टरांनी मायकोफिनोलेट (शरीराने किडनी नाकारू नये म्हणून चालू असलेलं औषध) बंद करून त्याच्या जागी ॲझाथायोप्रिन रोज १०० मिलिग्रॅम सुरू केली. टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन पूर्वीसारखंच. रक्त महिन्याने तपासायला सांगितलं होतं. एकोणिसाव्या दिवशी फणी फिरवली तर केसांचा झुबकाच हातात आला. चोविसाव्या दिवशी तोंड आलं आणि १०२ ताप भरला. पांढऱ्या पेशी आधी ६,८०० असायच्या, त्या १,१०० निघाल्या. न्यूट्रोफिल १४ टक्के, प्लेटलेट ५२,०००. दाखल असताना हिमोग्लोबिन ६.८ पर्यंत उतरलं, दोन पिशव्या रक्त चढवलं, पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली, तेरा दिवसांनी घरी सोडलं. रक्त चढवल्यानंतर तिसऱ्या दिवशी टीपीएमटी एन्झाइमची तपासणी झाली, ती नॉर्मल आली. 'म्हणजे गोळीचा दोष नसावा, व्हायरल असेल,' असं म्हणून आता पेशी ४,२०० झाल्यावर पुढच्या आठवड्यापासून तीच गोळी ५० मिलिग्रॅमने पुन्हा सुरू करायचं ठरलंय. आई रडते, 'माझ्या किडनीतूनच काही आलं का गं?' म्हणते. माझे पती माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा आहेत. बाळाला हे होईल का? धाकट्या भावालाही तपासायचं का? — एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आधी पुढच्या आठवड्याचं बोलू, बाकीचं नंतर. ५० मिलिग्रॅमची गोळी सुरू होण्याआधी तुमची 'एनयूडीटी-१५' या जीनची तपासणी होऊन रिपोर्ट हातात आला पाहिजे. तो येईपर्यंत ॲझाथायोप्रिनची अर्धी गोळीसुद्धा नको. स्वतः परस्पर काही ठरवू नका. आज-उद्याच नेफ्रॉलॉजिस्टना फोन करून एवढंच विचारा, 'टीपीएमटी झाली, एनयूडीटी-१५ झाली का?' टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन मात्र एकही डोस न चुकवता चालू ठेवा. सध्या किडनीची राखण ही दोनच औषधं करताहेत.

टीपीएमटी नॉर्मल असूनही आमचा संशय गोळीवरच का आहे, ते सांगतो. ॲझाथायोप्रिन पोटात गेल्यावर तिचं मर्कॅप्टोप्युरिन होतं. त्यापुढे तीन वाटा फुटतात. एका वाटेवर झँथिन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम ते निकामी करून लघवीवाटे काढून टाकतं. दुसऱ्या वाटेवर टीपीएमटी हे एन्झाइम त्याला वेगळं रूप देऊन बाजूला सारतं. जे उरतं ते तिसऱ्या वाटेने थायोग्वानिन बनतं, आणि खरं काम तेच करतं. डीएनएची नवी प्रत तयार होताना ग्वानिनच्या जागी हे खोटं नाणं खपतं. प्रत बिघडते आणि पेशी मरते. नव्या किडनीवर चालून जाणाऱ्या लिम्फोसाइट पेशी भराभर वाढत असतात, म्हणून त्या आधी सापडतात. औषधाचा हेतूच तो. पण शरीरात इतरत्रही पेशी तेवढ्याच भराभर वाढतात : हाडांतला मगज, केसांची मुळं, तोंडाचं-आतड्याचं अस्तर.

एनयूडीटी-१५ या जीनवरून बनणारं त्याच नावाचं एन्झाइम या तिसऱ्या वाटेच्या अगदी शेवटी बसलेलं आहे. डीएनएमध्ये शिरायला तयार झालेल्या थायोग्वानिनचे फॉस्फेट तोडून ते त्याला मागे ओढतं. हा राखणदारच नसेल तर दुसऱ्या वाटेवरचा टीपीएमटी कितीही धडधाकट असो, थोडं थायोग्वानिनसुद्धा सगळंच्या सगळं डीएनएत जाऊन बसतं. म्हणूनच रक्तातली थायोग्वानिनची पातळी मोजूनही हा दोष पकडता येत नाही. पातळी बऱ्याचदा साधारणच दिसते आणि मगज तेवढ्यातही करपतो.

टीपीएमटीचा दोष १९८० साली अमेरिकेत वर्णिला गेला. युरोपीय वंशाच्या लोकांत दहातल्या एकाला त्याची एक सदोष प्रत असते (प्रत्येक जीनच्या आईकडून एक, वडिलांकडून एक अशा दोन प्रती असतात), तीनशेतल्या एकाला दोन्ही, म्हणून जुन्या पाठ्यपुस्तकांत तेवढीच तपासणी सापडते. आपल्याकडे टीपीएमटीचा दोष त्या मानाने विरळ. उलट एनयूडीटी-१५ ची एक सदोष प्रत भारतात साधारण दहा जणांत एकाकडे निघते, आणि चीन-जपान-कोरियाकडे त्याहून जास्त. हा दुवा लागला तोच मुळी २०१४ साली, कोरियातल्या क्रोन्स आजाराच्या रुग्णांमध्ये. २०१८ पासून औषधाच्या डोससंबंधीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत दोन्ही जीन बरोबरीने आहेत. भारतीय रुग्णाची फक्त टीपीएमटी करून थांबणं म्हणजे पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवणं.

शिवाय तुमच्या टीपीएमटी रिपोर्टवरही फार विसंबू नका. ती तपासणी एन्झाइमच्या कामाची होती, आणि ते काम तांबड्या पेशींत मोजतात. तुमच्या नळीतल्या तांबड्या पेशींपैकी बऱ्याचशा तीन दिवसांपूर्वी चढवलेल्या दोन पिशव्यांतल्या, म्हणजे दोन अनोळखी रक्तदात्यांच्या होत्या. त्यांचं टीपीएमटी उत्तम आहे, एवढंच त्यावरून नक्की कळलं. तांबडी पेशी १२० दिवस जगते, त्यामुळे रक्त चढवल्यावर तीनेक महिने हा आकडा बोलका नसतो. अशा वेळी एन्झाइम नव्हे, जीनच तपासायचा असतो.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ केसांची आहे. टॅक्रोलिमसनेही केस गळतात, पण ते हळूहळू, महिनोन्‌महिने. गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात झुबके निघणं आणि पाठोपाठ पेशी कोसळणं ही एनयूडीटी-१५ च्या दोन्ही प्रती सदोष असल्याची जवळजवळ सही आहे. अशा रुग्णांत बहुतेकदा केस आधी जातात आणि ताप नंतर येतो. एकोणिसाव्या दिवशी कुणी सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) केला असता तर पुढचे पाच दिवस गोळी पोटात गेली नसती.

तरीही तपासणी होईपर्यंत 'जवळजवळ'च म्हणू. ट्रान्सप्लांटच्या रुग्णात पेशी उतरायला इतर कारणंही असतात : सीएमव्ही विषाणू (त्याचा पीसीआर केलाय का, डिस्चार्ज कार्डावर बघा), पार्व्हो विषाणू, आणि को-ट्रायमोक्सॅझोल किंवा व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर चालू असेल तर ती औषधं. 'व्हायरल असेल' हे वाक्य यांपैकी एखादा विषाणू रिपोर्टात सापडल्यावरच म्हणावं.

तपासणीसाठी जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिलिलीटर रक्त लागतं, उपाशी राहायची गरज नसते, आणि हे आयुष्यात एकदाच करायचं असतं. काही लॅब गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेतात. नुकतंच रक्त चढवलेलं असल्यामुळे तुम्ही तोच पर्याय मागितलात तर उत्तम. चिठ्ठीवर नुसतं 'जेनेटिक टेस्ट' नको. 'एनयूडीटी-१५, सी.४१५ सी>टी' आणि 'टीपीएमटी जीनोटाइप, स्टार २, ३ए, ३सी' असं स्पष्ट लिहून घ्या. रिपोर्टमध्ये हा बदल 'आर्जिनिन १३९ सिस्टीन' किंवा 'स्टार ३' या नावानेही येतो. तिन्ही नावं एकाच गोष्टीची.

रिपोर्ट तीनपैकी एक सांगेल. दोन्ही प्रती सदोष निघाल्या, तर ॲझाथायोप्रिन तुमच्यासाठी कायमची बंद. ५० नाही, २५ नाही, एकाआड एक दिवसही नाही. रक्ताच्या कर्करोगात दुसरा इलाज नसल्याने असल्या रुग्णांनाही हे औषध दहाव्या हिश्श्याने देतात. ट्रान्सप्लांटमध्ये दुसरी औषधं असताना तो जुगार कशाला? एकच प्रत सदोष निघाली, तर नेहमीच्या डोसच्या ३० ते ८० टक्क्यांनी सुरुवात करता येते. तुमच्या ५० किलो वजनाला १०० हा भरल्या मापाचा डोस होता, म्हणजे ५० मिलिग्रॅम या हिशेबात बसतात. थोडक्यात, डॉक्टर म्हणतात तोच आकडा एका रिपोर्टला योग्य आणि दुसऱ्या रिपोर्टला जीवघेणा आहे. मात्र इतकं तीव्र झाल्यावर एक प्रत निघाली तरी आम्ही पुन्हा त्या वाटेला जायला कचरू. दोन्ही प्रती चांगल्या आल्या, तर एनयूडीटी-१५ चे विरळ बदलही तपासायला सांगा आणि वरची इतर कारणं नव्याने धुंडाळा.

आता डॉक्टरांचं. जीन आधी न तपासणं ही चूक म्हणता येणार नाही. आपल्याकडे ती सक्ती नाही आणि सगळीकडे सोयही नाही. पण सीबीसी महिन्याने सांगणं ही चूकच. ही गोळी सुरू केली की पहिला महिना दर आठवड्याला, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पंधरा दिवसांनी आणि पुढे महिन्याला एकदा सीबीसी, हे औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेलं आहे. डोस वाढवला की पुन्हा आठवड्यापासून मोजणी सुरू. जीन नॉर्मल आला म्हणूनही यातून सुटका नाही, कारण पेशी उतरण्याच्या कितीतरी घटना जीनमध्ये दोष नसलेल्यांतही होतात.

आणि रिपोर्टवरचा 'पांढऱ्या पेशी' हा एकच आकडा वाचून थांबू नका. जंतूंशी पहिली झुंज न्यूट्रोफिल देतात, त्यांची संख्या काढायला शिका : एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले १००. तुमचे १,१०० गुणिले १४ भागिले १०० म्हणजे फक्त १५४. हा आकडा १,५०० च्या वर हवा, १,००० च्या खाली काळजी, आणि ५०० च्या खाली असताना ताप आला तर पहिल्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक जायला हवं. आजचे ४,२०० किती खरे तेही असंच बघा. पेशी वाढवायच्या इंजेक्शनाने आकडा फुगतो आणि इंजेक्शन थांबल्यावर पुन्हा उतरू शकतो. शेवटच्या इंजेक्शननंतर आठवड्याने केलेला सीबीसी खरा मानायचा. गोळी बंद झाल्यावरही औषधाचा अंश पेशींत उरलेला असतो, त्यामुळे महिनाभर आठवड्याला एक सीबीसी सोडू नका.

तोवर घरात थर्मामीटर हाताशी ठेवा. कणकण वाटली की आधी ताप मोजायचा, मग पॅरासिटामॉल. उलट केलं तर ताप झाकला जातो आणि दवाखाना एक दिवस लांबतो. १००.४ च्या वर गेला तर रात्र असली तरी निघायचं. पेशी वाढाव्यात म्हणून शेजारपाजारचे गुळवेलीचा काढा सुचवतील, सुचवला असेलच. ट्रान्सप्लांटच्या रुग्णाने गुळवेल घेऊ नये : एक तर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, दुसरं म्हणजे जी प्रतिकारशक्ती आपण मुद्दाम दाबून ठेवली आहे तिलाच ती चाळवू शकते. पपनसही नको, टॅक्रोलिमसची लेव्हल चढते. वॉर्डात बुरशीवर फ्लुकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल दिलं असेल, तर त्यानेही लेव्हल चढलेली असते आणि ते थांबलं की खाली येते. त्यामुळे या आठवड्यात टॅक्रोलिमसची लेव्हल आणि क्रिएटिनिन दोन्ही बघायला हवं. केस परत येतील. काही महिने लागतात, तेल कुठलंही लावा.

आईच्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. किडनीतून काहीही आलेलं नाही. हा जीन त्रास देतो तो मगजात, आणि मगज तुमचा स्वतःचा, जन्मापासूनचा आहे. कुणाचीही किडनी बसवली असती तरी ही गोळी तुम्हाला अशीच बाधली असती. दोन्ही प्रती सदोष निघाल्या तर एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली असणार, पण ती गर्भ राहतानाच, किडनीतून नव्हे. आणि त्या दोघांनाही आयुष्यात त्याचा पत्ता लागला नाही, कारण ही गोळी घेतली नाही तर हा दोष काहीच करत नाही. तो आजार नव्हे.

मूल होण्याची वाट बंद झालेली नाही. मायकोफिनोलेट गरोदरपणात चालत नाही हे खरं : गर्भपात फार होतात, बाळाच्या कानात, ओठात, टाळूत व्यंग येतं, म्हणून ते किमान सहा आठवडे आधी थांबवावं लागतं. आता तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत. नेफ्रॉलॉजिस्टना रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचा, धोका जास्त वाटला तर पेशी भरल्यावर मायकोफिनोलेट पुन्हा सुरू करतील. त्याचा या एन्झाइमशी संबंध नाही, ते चालेल, पण तोवर गर्भनिरोधन पक्कं हवं. दुसरा रस्ता, आणि तुमच्या १.१ क्रिएटिनिनकडे बघता विचारण्याजोगा, म्हणजे टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन या दोनच औषधांवर गरोदरपण पार पाडणं. त्याआधी आईच्या किडनीविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्यात का ही रक्ततपासणी, २४ तासांच्या लघवीत प्रोटीन ५०० मिलिग्रॅमच्या आत, रक्तदाब काबूत, गेल्या वर्षभरात रिजेक्शन नाही, आणि दोन औषधांवर तीनेक महिने क्रिएटिनिन हललेलं नाही, एवढं जमलं पाहिजे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल यांपैकी काही चालू असेल तर बदलून घ्या. लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन चालतं. सिरोलिमस, एव्हरोलिमस हे पर्याय कुणी सुचवले तर ते या काळासाठी नाहीत.

दिवस गेल्यावर टॅक्रोलिमसची लेव्हल उतरते, डोस वाढवावा लागतो, दर दोन ते चार आठवड्यांनी लेव्हल लागते, आणि बाळंतपणानंतर डोस लगेच परत कमी करायचा असतो. तो विसरला तर क्रिएटिनिन चढतं आणि सगळे उगाच रिजेक्शन म्हणून घाबरतात. ट्रान्सप्लांट झालेल्यांपैकी साधारण चौघींत एकीचा रक्तदाब गरोदरपणात धोक्याचा चढतो, निम्म्याच्या आसपास बाळं ३७ आठवड्यांआधी येतात. म्हणून नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेलं हॉस्पिटल आधीच ठरवा. सांगलीतच सगळं होईल असं धरून चालू नका.

फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा : 'ॲझाथायोप्रिन, मर्कॅप्टोप्युरिन, थायोग्वानिन देऊ नये.' इम्युरान, ॲझोरान ही याच गोळीची दुकानातली नावं, तीही लिहा. पुढे कधी सीएमव्हीसाठी गॅन्सायक्लोव्हिर किंवा व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर द्यायची वेळ आली तर एनयूडीटी-१५ चा रिपोर्ट दाखवा. हे एन्झाइम त्या औषधालाही निष्प्रभ करतं असं प्रयोगशाळेतल्या कामातून दिसलं आहे, तेव्हा तुमच्या पेशी त्यावरही लवकर उतरू शकतात.

(हे सदर वाचणाऱ्या इतर ट्रान्सप्लांट रुग्णांसाठी एक ओळ : जीन कितीही चांगला असला तरी ॲझाथायोप्रिन चालू असताना युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट परस्पर सुरू केलं की वर सांगितलेली पहिली वाट बंद होते आणि नेमका हाच प्रसंग ओढवतो. ॲलोप्युरिनॉल द्यावंच लागलं तर ॲझाथायोप्रिन तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आणतात. फेबुक्सोस्टॅट सोबत नकोच.)

आता भाऊ आणि बाळ. दोन्ही प्रती सदोष निघाल्या असं धरू. आई-वडील प्रत्येकी एकेक प्रत बाळगून असतील, तर भावाकडे दोन्ही असण्याची शक्यता चारात एक, एकच असण्याची दोनात एक. तो ठणठणीत असेल तर घाईने तपासायची गरज नाही. पण त्याला ही माहिती लेखी द्या. हीच गोळी अल्सरेटिव्ह कोलायटिस, ल्युपस, ऑटोइम्यून हिपॅटायटिस, पेम्फिगस अशा आजारांत आणि तिचंच भावंड मर्कॅप्टोप्युरिन मुलांच्या ल्युकेमियात देतात. बाळाला तुमच्याकडून एक प्रत नक्की जाणार. दुसरी येईल का, हे पतींवर. तुमच्या वडिलांकडे ती प्रत आहे म्हटल्यावर त्यांच्या सख्ख्या बहिणीकडे, म्हणजे तुमच्या आत्याकडे, असण्याची शक्यता निम्मी, आणि तिच्या मुलाकडे त्याच्या निम्मी : चारात एक, शिवाय सासऱ्यांकडून येण्याची थोडी वेगळी. पतींकडे निघाली तरच बाळाकडे दोन्ही प्रती जाण्याची शक्यता दोनात एक होते, आणि तेव्हाही बाळाला काही आजार होणार नाही, फक्त त्याच्या फाइलवर तीच लाल ओळ येईल. तुमचा नमुना जाईल त्याच दिवशी पतींचाही गालातला नमुना पाठवा, म्हणजे सांगलीहून दोन फेऱ्या पडणार नाहीत.